मुद्दाम

पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात साहेबरावांनी एकतीस वर्षं काढली. मुळशी तालुक्याची गंमत अशी, की धरणभर पाणी डोंगरापलीकडं वीज करायला जातं आणि डोंगराअलीकडच्या बाया हातपंपाच्या दांड्याला लोंबकळतात. त्याच दांड्यावर साहेबरावांचा संसार चालला. पंप कोरडा खोकायला लागला की गाव म्हणायचं, पाणी आटलं. साहेबराव म्हणायचे, "पाणी कुटं आटतंय! वायसर गेलाय." दहातून नऊ वेळा त्यांचंच खरं निघायचं. मग नवा चामडी वायसर घ्यायचा, खिशातल्या निळ्या बाटलीतलं खोबरेल त्याला चोळायचं, तो मऊ होऊन जरा फुगला की नळीत बसवायचा, आणि पाणी वर यायचं. पुढं चामडी जाऊन रबरी वायसर आले, तरी बाटली खिशातून गेली नाही. त्या रबराला तेल सोसत होतं, त्यामुळं कुणाचं काही बिघडलं नाही. पण साहेबरावांची मात्र खात्री पटून गेली, की जगातल्या झाडून सगळ्या वायसरांना खोबरेल मानवतं. एकतीस वर्षांत माणसाला कुणी चूक दाखवली नाही, की त्याचं असंच होतं.

ते निवृत्त झाले आणि चंद्रकला, त्यांची बायको, कामाला लागली. मूलबाळ नव्हतं. दोघंच होती आणि एकमेकांना पुरत होती. पिरंगुटच्या बाजूला एका कंपनीत लष्कराच्या ट्रकांचे ब्रेकचे सिलिंडर जुळवायचं काम चाले. तिथं तिला टेबल मिळालं. आठवी शिकलेली, हात स्थिर, नजर चांगली. सिलिंडरच्या दांड्यावर एक खाच असायची, तिच्यात काळी रबरी रिंग बसवायची, एवढंच काम. पण लष्कराचं काम! साहेबरावांचे वडील पलटणीत होते, पासष्टच्या लढाईत मांडीत गोळी घेऊन आलेले. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांची वर्दीतली तसबीर. तिच्याकडं बघून चंद्रकला म्हणायची, "मामंजींच्या गाडीचा ब्रेक आता सून बसवतीया म्हना की!" आणि साहेबरावांची छाती उगाचच रुंद व्हायची.

गेल्या डिसेंबरात मुळशीत थंडी जरा जास्तच पडली. रिंगा ताठ व्हायला लागल्या. खाचेत जाताना त्यांची कड कापली जायची, आणि कापलेली रिंग टेबलावरच्या लाल पेटीत टाकायची. कंपनीनं रिंगांसाठी एक खास मलम दिलं होतं, पण ते थंडीत घट्ट व्हायचं, बोटाला चिकटायचं, रिंगेला लागायचंच नाही. संध्याकाळी सुपरवायझर साधना मॅडम लाल पेट्या उघडायच्या आणि सगळ्यांच्या देखत नाव घेऊन बोलायच्या. चंद्रकलेला आयुष्यात कुणी कामावरून बोललं नव्हतं. एक दिवस ती घरी आली, जेवायला बसली आणि जेवता जेवता रडली. अंगठ्याची चिरलेली कातडी तिनं नवऱ्याला दाखवली.

"वायसर असा कोरडा घालत्यात व्हय?" साहेबराव म्हणाले. "येड्याचा बाजार हाय तुज्या कंपनीचा. खोबरेलाचा हात लाव. कसा सुळकन जाईल बघ."

"बाहेरचं काय आत न्हेऊ देत न्हाईत."

"डब्याच्या पिशवीत एवढीशी बाटली कोन बघतंय? आगं, एकतीस वर्सं मी तेच केलंय."

त्यांनी स्वतः बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि तिच्या पिशवीत ठेवली. एकोणीस दिवस ती बाटली टेबलापर्यंत गेली. एकोणीस दिवसांत चंद्रकलेची लाल पेटी रिकामी. साधना मॅडमनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, 'या महिन्याची उत्तम कामगार'. शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी खोदून खोदून विचारलं, पण ही हसायची आणि म्हणायची, हाताचं कसब हाय. आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर नाव आलेलं, तेवढी मिजास तिनं केली. पुढं ऊन वाढलं, रिंगा मऊ झाल्या, आणि बाटली घरच्या कोनाड्यात परत आली.

मार्चमध्ये एका घाटात नव्या ट्रकांची चाचणी होती. उतारावर एका ट्रकाचं ब्रेकचं पेडल दाबलं तसं खाली गेलं ते वर आलंच नाही. ट्रक कठड्यावर आदळला. आत दोन जवान होते. एकाच्या बरगड्या मोडल्या. दुसरा, तेवीस वर्षांचा, त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मग सिलिंडर उघडले गेले. आतल्या काही रिंगा फुगून, लिबलिबीत होऊन बसल्या होत्या. ब्रेकमधल्या रबराची जातच निराळी, त्याला तेलाचा थेंब चालत नाही. खराब झालेली प्रत्येक रिंग एकाच टेबलावरून गेलेली होती. कॅमेऱ्याचं जुनं चित्रीकरण काढलं. त्यात एक बाई डब्याच्या पिशवीतून बाटली काढते, इकडंतिकडं बघते, बोटाला तेल घेते आणि रिंगेला चोळते. इकडंतिकडं बघते, कारण बाहेरची वस्तू आणायची नाही असा नियम होता आणि ती नियमाला भिणारी बाई होती. पण कॅमेऱ्यात भीती आणि कपट सारखंच दिसतं.

कंपनीच्या ऑफिसात दयानंद नावाच्या साहेबांनी तिला समोर बसवून जबाब लिहून घेतला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. ती जे बोलली ते त्यांनी शब्दाला शब्द लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं सही केली, दोन साक्षीदारांनीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चंद्रकला दारात मेथी निवडत बसली होती, तेव्हा पोलिसांची गाडी आली. तिनं मेथी झाकून ठेवली, पदर सारखा केला आणि विचारलं, "सांजच्याला सोडशीला न्हवं?" बरोबरच्या पोलीसबाईनं गाडीचं दार उघडलं.

पौडच्या बौद्धवस्तीतली प्रियदर्शिनी पुण्याच्या कोर्टात वकिली करायची. वय तिशीच्या आत, आवाज बारीक, पण कागद वाचताना कपाळावर जी आठी पडायची तिला चांगले चांगले वकील वचकून असत. एस्टी स्टँडामागं तिची एक खोली होती. चौथ्या दिवशी तिनं साहेबरावांना तिथं बसवलं, आपल्या हातानं चहा केला आणि मग जबाबाची प्रत पुढं सरकवली.

"काका, हे वाचा."

साहेबरावांनी चष्मा लावला.

'प्रश्न : रिंगला तेल लावण्यास तुम्हाला कोणी सांगितले? उत्तर : कोणी सांगितले नाही. मी मुद्दाम लावले.'

त्यांनी दोनदा वाचलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. "आगं, हे तर चांगलंच हाय की! मुद्दाम लावलं म्हंजी आठवनीनं, काळजीनं लावलं. आता तू न्हाई का माज्यासाटी मुद्दाम च्या केलास? तसं."

प्रियदर्शिनी हसली नाही. "मला कळतंय हो. तुम्हाला कळतंय. पण हा कागद इंग्रजीत जाईल. तिथं होईल 'इंटेन्शनली'. आणि त्या शब्दात चहाबिहा काही नसतो."

आपल्या भाषेनं हे काय करून ठेवलंय कोण जाणे! लेकीच्या बाळंतपणाला आपण मुद्दाम जातो, जावयाला आवडतो म्हणून फणस मुद्दाम राखून ठेवतो, आणि चालत्या माणसाच्या पायात पायही मुद्दामच घालतो. मायेला तोच शब्द, खोडीलाही तोच. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की कुठला ते कळतं. कागदाला तोंड नसतं.

"कलम काय लावलंय, ऐका," ती म्हणाली. "देशाच्या संरक्षणासाठी असलेला माल, यंत्रं, गाड्या, रस्ते, यांची नासधूस. आणि कायदा असायलाच हवा, काका. ज्या ब्रेकवर जवान बसतो, तो ब्रेक कुणी बिघडवला तर काय करायचं? म्हणून शिक्षा कडक आणि जामीन अवघड. पण सगळा गुन्हा त्या एका शब्दावर उभा आहे. अज्ञानानं झालं तर निष्काळजीपणा. मुद्दाम झालं तर घातपात."

"मग जबाब बदलून घे."

"पोलिसांपुढचा असता तर मी एका मिनिटात उडवला असता. पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. हा कंपनीत दिलाय. हा चालतो."

साहेबरावांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "पोरी, तेल म्याच लावाया सांगितलं हुतं. बाटली म्याच भरून दिली."

प्रियदर्शिनी उठली आणि तिनं दार लावून घेतलं. "हे आणखी कुणाला बोललात?"

"न्हाई."

"बोलू नका. शपथ आहे तुम्हाला. एकटी बाई आहे तोवर मी म्हणू शकते, अडाणीपणा झाला. दुसरं माणूस आलं की तो कट होतो. दोघांनी ठरवून केलं, असं लिहितील ते. आणि तुम्ही जन्मभर वायसर बदलणारे मिस्त्री. तुम्हाला रबर कळत नाही, हे कोण मानेल?"

साहेबराव घरी आले. वाडीतल्या मोबाईलांवर बातमी कधीच फिरली होती, त्यात चंद्रकलेचा जत्रेतला फोटो आणि खाली 'घरभेदी'. पौर्णिमेला ते विहारात वंदनेला गेले. एरवी लोक सरकून जागा द्यायचे. त्या दिवशीही सरकले, पण लांब, आणि साहेबरावांच्या दोन्ही बाजूंची सतरंजी मोकळी राहिली. त्यांना वाटलं, उठून सांगावं, अरे, ज्याचा बाप पलटणीत लंगडा झाला त्याच्या घरची ती सून आहे. पण तो पाय गेलेला पोरगाही कुणाच्या तरी घरचाच होता. हे मनात आलं आणि उठणं राहून गेलं. ते मान खाली घालून बसून राहिले आणि वंदना संपायच्या आधीच उठून आले.

येरवड्याला मुलाखतीचा नंबर लागला. मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोन. चंद्रकला आली. पंधरा दिवसांत ती वाळून गेली होती, पण केस चापूनचोपून बसवलेले होते. मुद्दाम बसवले असणार, असं साहेबरावांच्या मनात आलं आणि त्या शब्दाचा त्यांना राग आला.

"आवो, जेवता का येळेवर?"

"जेवतो."

"खोटं. गळपट्टी बघा कशी ढिली झालीया." मग ती थांबली. "त्या पोराचा पाय कसा हाय?"

"बरा हाय म्हनं."

"नगा खोटं बोलू. हितल्या बाईनं पेपर वाचून दावला मला. काढला त्येचा पाय." तिनं काचेवर तळहात टेकला. "ह्या हातानं गेला वो त्येचा पाय. मला रात न् दिस त्योच दिसतुया. त्येच्या आईला काय तोंड दाऊ?"

साहेबरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. ते म्हणाले, "चंद्रे, तुज्या हातानं न्हाई. माज्या. तू त्या सायबाला माजं नाव का न्हाई सांगितलंस? मुद्दाम लावलं, आसं का म्हनलीस?"

तिनं मागं उभ्या असलेल्या पोलीसबाईकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "त्येनी इचारलं, कुनी सांगितलं? तुमचं नाव पार व्हटावर आलं हुतं. मंग त्येंचं त्वांड बघितलं. म्हनलं, ह्ये काय साधं इचारणं न्हाई, जेचं नाव घेईन त्यो जानार. म्हनून म्हनलं, कुनी न्हाई सांगितलं, म्याच मुद्दाम लावलं. माज्या मनानं लावलं." आणि मग ती जरा दरडावूनच बोलली, लग्नानंतर सदतीस वर्षं बोलायची तशी. "तुमी गप ऱ्हायचं. ऐकताय न्हवं? मी हाय घट्ट. तुमी बाहीर हाय तवर मला बरं वाटतंया. दर पंदरवड्याला यायचं, फकस्त एवढं करा."

वेळ संपली. फोन बंद झाला तरी ती काहीतरी बोलत होती. साहेबरावांना वाटलं, ती 'गप ऱ्हावा' असंच म्हणत असावी.

त्या दिवशी त्यांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर ते या बाईला 'तुला काय कळतंय' म्हणत आले होते. आणि तिला त्या एका क्षणात जे कळलं होतं, ते यांना वकिलीण भेटेपर्यंत कळलं नव्हतं.

जामिनाच्या अर्जावर शिवाजीनगरच्या कोर्टात सुनावणी झाली. प्रियदर्शिनी चांगली बोलली. हातपंप, चामडी वायसर, गावाकडची सवय, असं सगळं तिनं नवऱ्याचं नाव न घेता मांडायचा प्रयत्न केला. पण नवरा वगळला की त्या गोष्टीला बूडच उरत नव्हतं. सरकारी वकील वयस्कर होते आणि आवाज न चढवता बोलत. त्यांनी विचारलं, "आठवी शिकलेल्या बाईला हे स्वतःहून कसं सुचलं? तेल लपवून कोणी आणायला लावलं? त्यामागं कोण आहे? कुठून आहे? ती सांगत नाही. आणि तोवर बाकीचे ट्रक सीमेवर कोणत्या भरवशावर पाठवायचे?" प्रश्न बरोबर होता. साहेबरावांनाही तो बरोबर वाटला.

जामीन नाकारला गेला. आदेशात एक वाक्य होतं, 'आरोपी कोणाला तरी पाठीशी घालत असल्याचे दिसते.' कोर्टानं अगदी नेमकं ओळखलं होतं. फक्त ज्याला पाठीशी घातलं तो शेवटच्या बाकावर, चपला बाकाखाली काढून, हात जोडून बसला होता.

परतीच्या बसमध्ये प्रियदर्शिनी साहेबरावांशेजारी बसली होती. चांदणी चौक मागं पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्येंला एक नाव पायजे. नाव मिळालं की शोध संपंल."

"काका, नाही," ती म्हणाली. "मला वरच्या कोर्टात जाऊ द्या. दोन महिने द्या."

"दोन म्हैनं," साहेबराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ते तिला हो म्हणाले नाहीत, हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

कायद्यावर साहेबरावांचा भरवसा होता आणि तो घरच्या माणसावर असतो तसा होता. कायदा बाबासाहेबांनी लिहिलाय, तो खऱ्याला कशाला मारेल? पोलिसांना वाटतंय मागं कुणी परदेशातला, पैसेवाला, दाढी वाढवलेला माणूस आहे. त्यांना कळू दे, की मागं फक्त एक म्हातारा पंपमिस्त्री आहे, ज्यानं बायकोचा अंगठा फाटलेला बघितला आणि शहाणपणा शिकवला. कळलं की ते हसतील, शिव्या देतील, वाटल्यास दोन कानफटात मारतील, पण सोडून देतील. अशी मनाची समजूत घालून त्यांनी सकाळी पत्र्याची पेटी उघडली. आपण खरे मिस्त्री आहोत, याला कागद पाहिजे. पंचायत समितीचं ओळखपत्र निघालं. 'उत्कृष्ट सेवा' असा शिक्का मारलेलं प्रशस्तिपत्र निघालं. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत राहिलेलं, हातपंप प्रशिक्षणाचं पुस्तक निघालं. तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, तेव्हा वाटलेलं. तेही त्यांनी घेतलं. जितके कागद जास्त तितका खरेपणा जास्त, असं त्यांना वाटत होतं.

पुण्यात तपास अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तासभर ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. साहेबराव सगळं बोलले. थंडी, लाल पेटी, अंगठा, बाटली. बोलता बोलता त्यांना हलकं वाटायला लागलं. शेवटी त्यांनी कागद टेबलावर मांडले.

"ह्ये बघा सायेब. मिस्त्रीच हाय मी. दुसरं कोन बी न्हाई ह्यात."

अधिकाऱ्यांनी ओळखपत्र बघितलं, प्रशस्तिपत्र बघितलं. मग पुस्तक उघडलं आणि पानं चाळायला लागले. मध्येच थांबले. पुस्तक फिरवून त्यांनी साहेबरावांसमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

'रबरी भागांना कोणतेही तेल लावू नये. तेलाने काही प्रकारचे रबर फुगून निकामी होते.'

मग शेवटचं पान उघडलं. तिथं छापलेलं होतं, 'वरील सर्व माहिती वाचली व समजली.' खाली साहेबरावांची सही होती. लफ्फेदार, शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेलेली.

"ही सही तुमची?"

"माजीच. पर म्या वाचलंच न्हवतं सायेब. शेवटच्या दिशी जेवान हुतं. रांगेत सया घेतल्या. कुनीच वाचलं न्हाई. आईची आन! माज्या सगळ्या पंपांना मी तेल लावलंय, एक बी बिघडला न्हाई, कुनाला बी इचारा."

अधिकाऱ्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "समजा, मला तुमचं पटलं. पण माझ्यापुढं कागद काय आहे? तेलानं रबर निकामी होतं हे लेखी माहीत असलेला माणूस. त्यानं बायकोला तेल भरून दिलं, लपवून न्यायला सांगितलं. आणि बायकोनं त्याचं नाव दडवलं." त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं, पण ती पिशवी साहेबरावांना परत दिली नाही. "वकिलांना विचारून यायला हवं होतं, बाबा."

प्रियदर्शिनीला फोन केला गेला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ती आली, कागद बघितले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं साहेबरावांना एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी दोघांना एकत्र कोर्टात आणलं. साहेबराव आधी आले. कॉरिडॉरमधल्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये त्यांना बसवलं. काय बोलायचं ते त्यांनी कोठडीत ठरवून ठेवलं होतं. चूक झाली म्हणायचं. तुला एकटीला आत बसवून घरात बसवेना, म्हणायचं. बाकीचं ती समजून घेईल.

कॉरिडॉरच्या टोकाला चंद्रकला दिसली. बरोबर दोन पोलीसबाया. तिला कुणी काही सांगितलं नसावं, कारण साहेबरावांना बघून तिचा चेहरा उजळला. तारखेला आलेत, बसलेत, एवढंच तिला लांबून दिसलं. तिनं चालता चालता पदर खांद्यावर नीट घेतला, केसांवरून हात फिरवला. दहा पावलांवर आल्यावर तिची नजर खाली गेली. शेजारच्या पोलिसानं साहेबरावांचं मनगट धरलेलं होतं.

ती थांबली. पोलीसबाई "चला" म्हणाली, तरी ती हलली नाही. साहेबराव उठायला गेले, तर त्यांना खाली बसवलं गेलं. ठरवून ठेवलेलं त्यांना एकही वाक्य आठवेना.

"चंद्रे..."

ती रडली नाही, ओरडली नाही. घरात काहीतरी संपलंय आणि आणायला कुणी नाही, अशा वेळी जसं विचारायची तसं तिनं विचारलं,

"आवो, आता मला भेटाया कोन येनार?"

साहेबरावांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून दोघांच्या नावांचा पुकारा झाला.